काळीभोर जमीन असून युक्रेनमध्ये १९३२-३३ ला माणसं उपाशी कशी मेली?

गंगापूररोडवाला:
२०२२ ला तेलाचा डबा महागला तेव्हापासून युक्रेनबद्दल अधूनमधून वाचतो. जमीन आपल्या निफाडच्या रानासारखी, गव्हाचं कोठार म्हणे, मग ३५ लाखांच्या वर माणसं भुकेनं गेली ती कशी? आपल्या ७२ च्या दुष्काळासारखंच का?

निफाडची लेक:
नाही हो दादा, ७२ ला पाऊस गेला पण खडी फोडायचं काम निघालं, मिलो-सुकडी मिळाली आणि माणूस गाव सोडून मुंबईला तरी जाऊ शकत होता. तिकडे पीक कमी आलं होतं खरं, पण घरात होतं तेही स्टालिनच्या सोव्हिएत सरकारने कोट्याच्या (सरकारला द्यायच्या ठरलेल्या धान्याच्या) नावाखाली ओढून नेलं, कोटा भरला नाही की गाव काळ्या यादीत, म्हणजे दुकानात माल यायचाच बंद. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामुदायिक शेतातलं धान्य उचललं तर गोळी नाहीतर १० वर्षं. लोक त्याला ओंब्यांचाच कायदा म्हणायचे. माझी आजी सोंगणी झाली की दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायची, कोणी हटकायचं नाही. तिथे त्याच सरव्यासाठी माणसं आत गेली.

पंचवटीकर:
पण कझाकस्तानातही १० लाखांवर मेले ना? मग युक्रेनवरच डोळा होता असं कसं म्हणायचं? इतिहासकारही भांडतात यावर.

निफाडची लेक:
भांडतात, मान्य. पण जानेवारी १९३३ चा हुकूम बघा, शेतकऱ्यांना बाहेर जायला बंदी, त्यात युक्रेन आणि कुबानचं (शेजारच्या दक्षिण रशियातला, बरेच युक्रेनियन राहायचे तो भाग) नाव घेऊन लिहिलंय. त्याआधी महिनाभर कुबानमधल्या शाळा आणि कारभार युक्रेनियनमधून रशियनवर नेले. धान्यच हवं होतं तर भाषेने काय घोडं मारलं होतं? आणि झारनेही १८७६ लाच युक्रेनियन पुस्तकं छापायला बंदी घातलेली, म्हणजे खोड जुनी.

गंगापूररोडवाला:
बापरे. आणि लोक गप्प बसले?

निफाडची लेक:
छे! १९३० ला जमीन-जनावरं जबरदस्तीने सामुदायिक शेतात ओढली तेव्हा जवळपास १० लाख लोक उठले होते, त्यात बायका पुढे, नेलेली गाय आणि बियाणं परत आणायला थेट कोठारावर जायच्या. ऑगस्ट १९३२ ला स्टालिनने स्वतः आपल्या जवळच्या सहकाऱ्याला, कागानोविचला लिहिलंय की युक्रेन हातचा जाईल. ही भीती धरली की पुढचं सगळं कळतं.

गंगापूररोडवाला:
ताई त्या बायकांबद्दल अजून लिहा ना

निफाडची लेक:
रात्री लिहिते, आत्ता द्राक्षाचं पॅकिंग चालू आहे 🙏