मदत हवी आहे: वाकड्या परसदाराचं क्षेत्रफळ आणि ६०,००० रुपयांत बाग

अंगणातली_चिमणी

नमस्कार. बरेच दिवस इथं वाचत आलेय, विचारायची वेळ पहिल्यांदाच आली. जरा लांबण लागेल, पण आकडे सगळे दिल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही.

आमचं घर कराडच्या बाजूला एका गावात. मागचं परसदार सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं. वांगी, मिरच्या, कडेनं गवती चहा आणि मधे प्राजक्त. ते जाऊन तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून तिथं कुणाचा हात लागला नाही. आता गुडघाभर काँग्रेस गवत आहे. सासूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात बसतात आणि तिकडंच बघत राहतात. त्यांना वाफे परत हवेत. मिरगाच्या आधी काम उरकावं म्हणून भिशीचे ६०,००० रुपये काढून ठेवलेत. त्याच्या वर जाता येणार नाही.

जागा चौकोनी आहे, पण मागे ओढ्याचं वळण असल्यानं वाकडी. बाजू क्रमानं २५ फूट (ही घराची मागची भिंत), ३९, ३५ आणि ३५. बागकाम घेणारे एक काका मोजून गेले. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायची, ही त्यांची रीत. २५ आणि ३५ ची सरासरी ३०, ३९ आणि ३५ ची ३७, म्हणजे ३० × ३७ = १,११० चौरस फूट. "गुंठ्याच्या वर वीसेक फूट भरतंय वहिनी," म्हणाले. त्यांनी लिहून दिलेलं असं:

साफसफाई, सपाटीकरण: १,११० चौ. फूट × ८ = ८,८८०
लाल माती, सगळीकडं ६ इंच: ६ ब्रास × ४,५०० = २७,०००
पेव्हरची वाट, ४० फूट लांब ३ फूट रुंद: १२० चौ. फूट × ७० = ८,४००
जाळीचं कुंपण: १३४ फूट × ११० = १४,७४०
प्राजक्ताभोवती गोल कट्टा: ९,०००
रोपं आणि खत: १२,०००
एकूण ८०,०२०

म्हणजे २०,०२० रुपये वर. आता खरी अडचण. माझ्या लेकीची आठवीची परीक्षा नुकतीच झाली. ती म्हणाली, "आई, कर्ण मोजल्याशिवाय क्षेत्रफळ निघत नाही." तिनं टेप धरून भिंतीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण मोजला, ५६ फूट आला. मग दोन त्रिकोण पाडून हेरॉनचं सूत्र लावलं, म्हणजे तिन्ही बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं ते. २५, ३९, ५६ चा त्रिकोण ४२० आणि ३५, ३५, ५६ चा ५८८. बेरीज १,००८. गुंठा १,०८९ चा, म्हणजे जागा गुंठ्यालाही कमी!

काका तीस वर्षं हे काम करतात, लेक तेरा वर्षांची आहे. बरोबर कुणाचं? ब्रास म्हणजे नक्की किती? आणि वीस हजार कुठून कमी करू? सासूबाई म्हणतात कट्टा नको. पण प्राजक्ताखाली त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून तर हे सगळं चाललंय.

फळा_खडू

ताई, लेकीचं बरोबर आहे. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी सव्वीस वर्षं गणित शिकवतोय आणि कर्ण मोजायचं स्वतःहून सुचलेली मुलं फार थोडी पाहिली.

काकांची रीत जुनी आहे, गावोगाव चालते, आणि जागा काटकोनी असेल तर अगदी बरोबर उत्तर देते. जागा वाकडी झाली की मात्र ती नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. कारण सोपं आहे. दोन बाजू ठरल्या की त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊच शकत नाही. निम्मं भरतं तेही मधे काटकोन असेल तरच. तुमचेच आकडे घ्या. एका कर्णानं तुकडे पाडून दोन्हीकडं काटकोन धरला, तर २५ × ३९ चे निम्मे ४८७.५ आणि ३५ × ३५ चे निम्मे ६१२.५, मिळून १,१००. दुसऱ्या कर्णानं पाडले तर ३९ × ३५ चे निम्मे ६८२.५ आणि ३५ × २५ चे निम्मे ४३७.५, मिळून १,१२०. या दोहोंची सरासरी बघा: १,११०. काकांचा आकडा! म्हणजे त्यांच्या रीतीत चारही कोपरे काटकोनात आहेत असं आधीच धरलेलं असतं.

याचा इतिहास आपल्याकडचाच आहे. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये बाजूंच्या सरासरीच्या गुणाकाराला ‘स्थूल’ फळ, म्हणजे ढोबळ क्षेत्रफळ, म्हटलं आणि सूक्ष्म, म्हणजे नेमक्या, फळासाठी वेगळं सूत्र दिलं. चारही कोपरे एका वर्तुळावर येतात अशा चौकोनाला ते तंतोतंत लागू पडतं, आणि चार बाजू ठरल्यावर जास्तीत जास्त क्षेत्रफळ अशाच चौकोनाचं असतं. तुमच्या बाजू त्यात घातल्या तर १,०९७ च्या किंचित वर येतं. या चार बाजूंची १,११० ची जागा पृथ्वीवर असूच शकत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त तर ठणकावून सांगितलंय की लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचं फळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा! चार बाजूंनी चौकोन पक्का होत नाही, हे ज्याला कळत नाही त्याच्यावरचा हा राग आहे. लेकीला चार काड्या टाचण्यांनी सैल जोडायला सांगा. चौकट दाबली की काड्या तेवढ्याच राहतात आणि आतली जागा कमी होत जाते. काकांनाही तेच दाखवा, आकडेमोडीपेक्षा लवकर पटेल.

एक पडताळा मात्र घ्याच. कर्णावर दोरी ताणा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून दोरीपर्यंत काटकोनात अंतर मोजा. काटकोनासाठी दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून ३, ४, ५ चा त्रिकोण करा. दोन्ही अंतरांची बेरीज ३६ फूट यायला हवी, कारण ५६ × ३६ चे निम्मे १,००८.

ओळंबा

क्षेत्रफळाचं सरांनी सांगितलंच. मी बांधकामातला माणूस, बाकीचं बघतो.

ब्रास म्हणजे १००. माती, मुरूम, वाळू, खडी घेताना १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. स्लॅब, गिलावा बोलताना तोच शब्द १०० चौरस फुटांना वापरतात, म्हणून घोटाळा होतो. काकांचा हिशेब असा आहे: १,११० × अर्धा फूट = ५५५ घनफूट, म्हणजे साडेपाच ब्रास, धरले सहा.

पण वहिनी, मला क्षेत्रफळापेक्षा वेगळीच काळजी वाटतेय. घराच्या भिंतीला लागून सहा इंच भर टाकली तर माती जोत्यावर चढेल आणि पावसाळ्यात आत ओल येईल. तसं अजिबात करू देऊ नका. जमीन घरापासून ओढ्याकडं उतरती हवी. वाटेला शंभरास एक उतार धरला तर ४० फुटांत पाच इंच पुरतात. गवंड्याकडं लेव्हलची नळी असते, तीत पाणी भरून दोन टोकांचा फरक लगेच कळतो.

कुंपणाचे १३४ फूट म्हणजे पूर्ण परिमिती. त्यातले २५ फूट तुमची स्वतःची भिंत आहे! तिथं जाळी कशाला? १०९ फूट, म्हणजे ११,९९०. पेव्हरच्या ७० रुपयांत खालचा मुरूम आणि कच धरलीय का ते विचारा. चार इंच मुरूम म्हटलं तरी ४० घनफूट लागेल.

कट्टा रद्द करू नका. व्यास ७ फूट ठेवला तर परीघ बरोब्बर २२ फूट. नऊ इंची विटा एका थराला ३० धरा, दीड फूट उंचीला सहा थर, १८० विटा, फुटतूट धरून १९०. एवढी यादी हातात असली की ९,००० चं बोलणं नीट करता येतं.

काळी_आई

ओळंबा दादांना दुजोरा. आणि मुळात सगळीकडं लाल माती कशासाठी? कराडकडची काळी जमीन ताकदीची आहे. तिला हवा आणि निचरा लागतो, वर गोधडी घालून तो मिळत नाही. माती फक्त वाफ्यांत घाला.

वाफा ४ फुटांपेक्षा रुंद नको, कारण दोन्ही बाजूंनी हात दोन-दोन फूटच पोचतो. सासूबाईंचं वय बघता हे महत्त्वाचं. १२ × ४ चे चार वाफे केले तर १९२ चौरस फूट. नऊ इंच उंचीला १४४ घनफूट. भुसभुशीत माती दोन पावसांत बसते, म्हणून चौथा हिस्सा वाढवा: १८०. त्यात निम्मी लाल माती, पाव तिथलीच काळी, पाव कुजलेलं शेणखत. लाल माती ९० घनफूट झाली, एक ब्रास मागवा. शेणखत ४५ घनफूट; ओलं, वाफ निघणारं घेऊ नका, मुळं जळतात.

आणि कट्ट्यात प्राजक्ताच्या खोडाला टेकून माती भरू नका. साल कुजते, झाड हळूहळू जातं. सासऱ्यांनी लावलेलं झाड आहे, ते राहिलं पाहिजे.

अंगणातली_चिमणी

सगळ्यांचे किती आभार मानू! ओल येण्याचं आणि खोडाचं तर आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

लेकीनं दोरी ताणून लंब मोजले. एक १५ फूट, दुसरा २१, इंचभर इकडं-तिकडं. बेरीज ३६! ती परसदारात उड्या मारत होती आणि सासूबाई दारातून विचारत होत्या, काय सापडलं गं?

मग आम्ही दोघींनी नवा हिशेब मांडला. सपाटीकरण १,००८ × ८ = ८,०६४. माती एक ब्रास ४,५००. वाट ८,४००. कुंपण ११,९९०. कट्टा ९,०००. रोपं-खत १२,०००. एकूण ५३,९५४. दहा टक्के वरखर्चाला ठेवले तरी ५९,३४९. बसतंय! एकट्या मातीतच २२,५०० वाचले. क्षेत्रफळाच्या चुकीनं सपाटीकरणात फक्त ८१६ जात होते. म्हणजे मी ज्या प्रश्नासाठी धागा काढला तो पैशात लहानच निघाला, पण तो धरला नसता तर पुढचं काहीच दिसलं नसतं.

आता काकांशी कसं बोलू? ते सासऱ्यांच्या ओळखीतले. त्यांनी फसवायला काही केलेलं नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

फळा_खडू

लेकीलाच बोलू द्या, आणि तुम्ही चहा ठेवा. आलेखाच्या कागदावर नकाशा काढून घ्या, १ सेंमी = २ फूट. कर्ण २८ सेंमी येईल, आडव्या कागदावर बसतो. वाफे, वाट, कट्टा त्याच मापाचे कापून नकाशावर सरकवून बघा. चूक कुणाची हा विषयच काढू नका, नकाशावर सगळे मिळून वाकले की बोलणं आपोआप कामाचं होतं.

ओळंबा

माती येईल तेव्हा खाली करायच्या आधी टेम्पोचा हौदा मोजा. ९ × ५ चा हौदा असेल तर एक ब्रासला माती सव्वादोन फूट उंच, सपाट भरलेली हवी. मधे ढीग आणि कडेला खोल असेल तर तिथंच फळीनं सारखी करून घ्या.

अंगणातली_चिमणी

काल काका आले होते. लेकीनं काड्यांची चौकट हातात दिली. त्यांनी ती चार-पाच वेळा दाबून पाहिली, कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या बापानं असंच शिकवलं होतं गं. कर्ण कुठला कुठून धरायचा, दाव बघू." दोघांनी मिळून पुन्हा मोजलं. सपाटीकरण १,००८ नं धरायला तयार झाले. पेव्हरच्या दरात मुरूम-कच धरलेली आहे, तेही विचारून घेतलं. माती शनिवारी येतेय.

सासूबाईंनी नकाशावरचा कट्ट्याचा कागदी गोल उचलून थोडा पूर्वेला ठेवला होता. प्राजक्त तिथं आहे, तो हलवता येत नाही हे लेकीनं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग वाट वळवा, मला दारातून थेट जाता आलं पाहिजे." वाट वळवली. लांबी ४० फुटांतच बसली.

शेवटचं एक विचारते. पहिल्या वाफ्यात भेंडी लावायची म्हणतायत. १२ × ४ मध्ये किती रोपं बसतील?

काळी_आई

ओळींत दीड फूट, रोपांत एक फूट. कडेनं अर्धा फूट सोडून तीन ओळी, एका ओळीत बारा. छत्तीस. एका ठिकाणी दोन-दोन बिया टोचा आणि जोम धरलेलं एकच रोप ठेवा. बी आदल्या रात्री पाण्यात भिजवायला विसरू नका.