मदत हवी आहे: महाधमनीच्या मुळाच्या ऑपरेशननंतरची सीटी, सांगली-मिरज

मारफान हा आनुवंशिक आजार, त्यात महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) भिंत कमकुवत असते. त्याच्या ज्या पेशंटची बेंटाल (महाधमनीचं मूळ आणि झडप दोन्ही बदलणारी) किंवा डेव्हिड (मूळ बदलून स्वतःची झडप राखणारी) शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्या पुढच्या तपासण्या मिरजेतच व्हाव्यात, यासाठी माहिती हवी आहे.

मूळ बदललं तरी उरलेल्या महाधमनीची भिंत तितकीच कमकुवत राहते. कमान आणि खाली उतरणारा भाग पुढे फुगतो, कधी फाटतो. बेंटालमध्ये कोरोनरीची (हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांची) बटणं, म्हणजे त्यांची तोंडं, ग्राफ्टला (कृत्रिम नळीला) जिथे शिवलेली असतात तिथे फुगा येऊ शकतो. डेव्हिडमध्ये स्वतःची झडप वाचते, पण ती पुढे गळू शकते. छातीवरच्या इकोत झडप दिसते, खालची महाधमनी पुरती दिसत नाही.

खरी अडचण मोजमापाची. रिपोर्टात महाधमनीच्या व्यासाचं नुसतं '४२ मिमी' असतं. कुठल्या पातळीवर, भिंत धरून की सोडून, काही नाही. तिरक्या कापावर मोजलं की आकडा वाढतो आणि २ मिमीच्या फरकावरून घरचे हवालदिल होतात.

तर ईसीजी-गेटेड (हृदयाच्या ठोक्याशी जुळवून काढलेली) सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांची सीटी, मानेपासून जांघेपर्यंत, धमनीच्या अक्षाला काटकोनात मोजून कोण देतं? जुनी सीडी शेजारी लावून तुलना करतात का? तरुणांना वारंवार रेडिएशन नको, म्हणून एमआर अँजिओचीही (एमआरआयवर होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीची) सोय सांगा.

शिवाय जत-आटपाडीकडे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) त्याच दिवशी कुठे मिळतो? बेंटालमध्ये यांत्रिक झडप असेल तर वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जन्मभर. आयएनआर साधारण २ ते ३ राखायचा, आणि रिपोर्ट चार दिवसांनी आला तर डोस बदलायचा कशावरून?