दोनच गेजची जागा आहे, कुठले दोन बसवू? (का उगाच डॅशबोर्डला भोकं पाडू नकोस म्हणताय?)

जुनाटर्बो: मंडळी, गाडी टर्बो पेट्रोल, बारा वर्षं जुनी, इंजिनात काही केलेलं नाही. रेडिओखाली एक रिकामा कप्पा आहे त्यात ५२ मिमीचे दोन गेज (काट्यांची मीटरं) अगदी मापात बसतात, पुठ्ठा कापून बघितलं. माझ्या डोक्यात बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) आणि व्होल्टमीटर आहे. घरी विचारलं तर म्हणे आधीचे काटे तरी कधी बघतोस. बोला आता.

तेलकट: बूस्ट काढून टाक राव, स्टॉक इंजिनात तो काटा म्हणजे निव्वळ करमणूक, आज ०.७ बार उद्या पण ०.७ बार, आठ दिवसांत बघणं बंद होतं. ऑइल प्रेशर बसव. डॅशवरचा लाल दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारला पेटतो, म्हणजे गरम इंजिन ३००० आरपीएमला ३-४ बार द्यायच्या ऐवजी १ बार देत असलं तरी तो दिवा ढिम्म, आणि पेटतो तेव्हा बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. जिथे काटा दिलाय तिथेही तो खरा असेलच असं नाही, माझदा मियाटात १९९५ पासून ऑइल प्रेशरचा काटा होता पण मागे नुसता स्विच, प्रेशर आहे तर काटा मध्ये, नाही तर खाली. त्याच्या आधीच्या मॉडेलात खरा होता.

वायरनको: काही बसवू नकोस. ओबीडी पोर्टात (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं सॉकेट) ब्लूटूथचं डोंगल घाल, कूलंट टेंपरेचर, बूस्ट, व्होल्टेज सगळं फोनवर दिसतं, एक वायर कापायला नको. फक्त गाडी उभी असताना डोंगल काढून ठेव, काही डोंगल चोवीस तास करंट खातात आणि आठवड्याने बॅटरी बसते.

तेलकट: @वायरनको आणि ऑइल प्रेशर? ते ओबीडीच्या स्टँडर्ड यादीत नाहीच. जे दिसत नाही त्याच्यासाठीच तर गेज लावायचा, जे फोनवर फुकट दिसतं त्यासाठी भोक कशाला.

वायरनको: मग ऐक माझं. मी लावला होता ऑइल प्रेशर. इंजिन ब्लॉकवर पितळी टी (तीन तोंडांचा जोड), टीवर सेंडर म्हणजे दाब मोजून गेजला कळवणारा सेन्सर, चांगला लिंबाएवढा आणि जड. सहा महिने काटा बघून छाती फुगली. मग एके दिवशी चढावर काटा एकदम शून्यावर, मी म्हटलं वायर सुटली असेल, अजून किलोमीटरभर हाकली. उतरून बॉनेट उघडलं तर टीच्या आट्यांपाशी केसाएवढी चीर आणि त्यातून तेलाची बारीक धार एक्झॉस्टवर. कंपनीचा लाल दिव्याचा स्विच होता तसा राहिला असता तर यातलं काहीच झालं नसतं. बिघाड दाखवायला जो लावला त्यानेच बिघाड केला, आणि दाखवला तेव्हा मी विश्वास ठेवला नाही.

तेलकट: चूक गेजची नाही, सेंडर इंजिनावर लटकवलास ही चूक. थरथरीने पितळ तडकणारच. इंजिनातून बारीक ब्रेडेड होज (जाळी विणलेली लवचिक नळी) काढून सेंडर गाडीच्या बॉडीला क्लॅम्प करायचा.

वायरनको: हो, आता सगळे सांगतात 😄

थंडडोकं: दोघांचं वाचलं. कूलंटचा काटा असताना वेगळा गेज का लावतात तेही सांगतो, कंपनीचा काटा मुद्दाम मठ्ठ ठेवलेला असतो, बऱ्याच गाड्यांत साधारण ८० ते १०५ डिग्रीपर्यंत तो मधून हलतच नाही, लोकांनी घाबरून गाडी आणू नये म्हणून. पण खरा गेज लावला तरी एक गोम आहे, पाणीच गळून गेलं तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा *खाली* येतो, आणि आपण खूश की इंजिन थंड झालं. व्होल्टमीटरबद्दल म्हणशील तर नव्या गाड्यांत अल्टरनेटर इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांगेल तसा चार्ज करतो, १२.८ पण बरोबर आणि १४.८ पण बरोबर, काटा नाचताना बघून तू विनाकारण बॅटऱ्या बदलत बसशील. माझं मत: ऑइल प्रेशर आणि ऑइल टेंपरेचर. पाणी ९० ला आलं तरी तेल गरम व्हायला त्याच्या कितीतरी पुढे वेळ लागतो, आणि टर्बोवाले लोक नेमका तेवढ्यातच पाय दाबतात.

नुसताबघ्या: ए-पिलरवर (पुढच्या काचेशेजारचा खांब) पॉड, म्हणजे गेजची डबी, लाव ना, रेसिंगवाला लुक येतो, रेडिओखाली कोण बघणार

थंडडोकं: @नुसताबघ्या ए-पिलरच्या प्लास्टिकमागे बऱ्याच गाड्यांत कर्टन एअरबॅग असते. ती फुटली की पॉड कुठे येईल विचार कर. बाकी जागेचं तुझं बरोबर आहे, रेडिओखाली नजर जात नाही, म्हणून आवाज करणारा गेज घे, प्रेशर पडलं की बीप. जुने रेसवाले गेज फिरवून बसवायचे, सगळं नीट असलं की सगळे काटे सरळ वर, एखादा तिरका दिसला की आकडा न वाचताच कळायचं.

जुनाटर्बो: हे फिरवायचं आवडलं. ठरलं, ऑइल प्रेशर होजवर, बीपवाला, आणि शेजारी ऑइल टेंपरेचर. @वायरनको काटा शून्यावर गेला तर आधी इंजिन बंद मग वायर तपासणार, वचन. सेंडर बसवताना अजून काही?

तेलकट: इंजिनावरच्या जुन्या प्रेशर स्विचचे आटे मापून घे, एनपीटी आणि बीएसपी हे आट्यांचे दोन प्रकार दिसायला सारखे, जबरदस्तीने आवळलं तर ब्लॉक गेला. फ्यूज बॅटरीच्या बाजूला. आणि एका वायरचा सेंडर असेल तर अर्थिंग आट्यांतूनच जातं, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस. होजवर बसवतोयस तर सेंडरपासून गाडीच्या बॉडीला वेगळी अर्थिंगची वायर ओढ.

जुनाटर्बो: टेफ्लॉन टेप कालच आणलीय 🤦 नळाला वापरतो.