लाम्ब्रुस्को आवडली, आता पुढे काय?

लाम्ब्रुस्को या इटलीच्या फेसाळ रेड वाइनसारखी आणखी कुठली मिळेल, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक जण ब्राकेत्तो ही दुसरी इटालियन फेसाळ रेड सुचवतात, पण आधी तुमच्या बाटलीचं लेबल बघा. त्यावर 'सेक्को' असेल तर ती कोरडी, 'अमाबिले' मध्यम गोड, 'दोल्चे' चांगलीच गोड. सगळं उत्तर त्यावर ठरतं.

गोड आवडली असेल तर उत्तर इटलीतल्या पीडमाँटची ब्राकेत्तो द'आक्वी अगदी योग्य. स्ट्रॉबेरी आणि गुलाबाचा वास, अल्कोहोल साधारण 5 ते 7 टक्के.

कोरडी आवडली असेल तर मात्र मी लाम्ब्रुस्को सोडून लगेच दुसरीकडे जाणार नाही. इटलीतल्या मोदेना शहराच्या आसपासच लाम्ब्रुस्कोची दोन टोकं सापडतात. सोर्बारा फिकट, जवळजवळ गुलाबी आणि लख्ख आंबट. ग्रास्पारोस्सा गडद जांभळी. ग्लासात ओतली की फेससुद्धा जांभळा येतो आणि घोट संपल्यावर हिरड्यांवर तुरटपणा रेंगाळतो. एका संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून चाखा, आपल्याला नेमकं काय आवडतं ते कळेल.

तुरट बाजू आवडली तर उत्तर इटलीतल्या लोम्बार्दीची बोनार्दा घ्या, पण लेबलवर 'फ्रिझान्ते' (हलकी फेसाळ) आहे ना ते तपासून, कारण ती बिनबुडबुड्यांचीही मिळते. नेपल्सजवळची ग्रान्यानो ही फेसाळ रेड पिझ्झ्यासोबत फार सुरेख लागते.

ऑस्ट्रेलियन स्पार्कलिंग शिराझ मी तरी या यादीत धरणार नाही. चांगली असते, पण अंगाने भारी, अल्कोहोल 13-14 टक्क्यांपर्यंत. लाम्ब्रुस्कोचा हलकेपणा तिच्यात नाही.

आणि यातली कुठलीही गारच प्या, 10-12 अंशांच्या आसपास.