आधी गटार, मग काँक्रीट

चिपळूणच्या बाजारपेठेतले रस्ते सरसकट काँक्रीटचे करा, असं बरेच जण म्हणतात. करा, पण उंची न वाढवता. जुना थर खरवडून न काढता त्यावरच नवा ओतला की रस्ता वीतभर वर येतो आणि दुकानांचे उंबरे खाली जातात. आमच्या आळीत हेच झालंय. जोराची सर आली की लोक दारात जांभ्याचे चिरे लावतात. २२ जुलै २०२१ चा पूर वाशिष्ठी नदीचा होता, तो गटारांनी अडला नसताच. नदीतल्या गाळाचा विषय वेगळा. पण दर पावसाळ्यातलं हे तुंबणं टाळता येतं. गटारांना नदीपर्यंत सलग उतार हवा. आणि पाण्याच्या, केबलच्या लाइनी आधीच कडेला घ्या, नाहीतर नवाकोरा रस्ता पुन्हा फोडतील.