तिआनची सरोवर: उत्तरेकडून जावे की पश्चिमेकडून, आणि छिंग सम्राटांच्या खुणा कोठे आहेत?

पायवाट यांचा प्रश्न:

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही ईशान्य चीनमध्ये जाणार आहोत. शेनयांगचा जुना राजवाडा पाहिल्यावर चांगबाईशान पर्वतावरील तिआनची सरोवर पाहण्याचा बेत आहे. चीनवर 1912 पर्यंत राज्य करणारे मांचू लोकांचे छिंग घराणे या पर्वताला आपले मूळस्थान मानत असे आणि कांगशी सम्राटाने त्याची पूजा केली होती, एवढे वाचनात आले आहे. त्यामुळे सम्राटाने जेथे उभे राहून पूजा केली ती जागा, एखादे मंदिर किंवा शिलालेख तेथे आजही पाहता येतो का, हे जाणून घ्यायचे आहे. दुसरी अडचण व्यवहाराची आहे. सोबत आई असेल आणि तिच्या गुडघ्यांना फार चढण झेपत नाही. सरोवराकडे उत्तरेकडूनही जाता येते आणि पश्चिमेकडूनही. आमच्यासाठी कोणती बाजू सोयीची ठरेल? हाताशी वेळ बेताचाच आहे.

शिलालेख यांचे उत्तर:

आधी इतिहासाविषयी लिहितो, कारण तेथे तुमची निराशा होण्याची शक्यता आहे. कांगशी या सरोवराच्या काठी कधी आलाच नाही. त्याने 1677 मध्ये उमुना नावाच्या अधिकाऱ्याला पर्वताचा शोध घेण्यासाठी पाठवले. त्या मोहिमेच्या वृत्तांतात असे सांगितले आहे की शिखराजवळ दाट धुके होते, उमुनाने गुडघे टेकून सम्राटाचा संदेश वाचला आणि धुके विरून सरोवर दिसू लागले. (अहवाल दरबारात वाचला जाणार होता, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.) पुढच्याच वर्षी पर्वताच्या देवतेला अधिकृत पदवी मिळाली आणि चीनच्या पाच पवित्र पर्वतांच्या बरोबरीने तिची पूजा होऊ लागली. 1682 च्या दौऱ्यात कांगशी स्वतः जिलीन शहरापर्यंत पोहोचला होता, परंतु तेथेच सोंगहुआ नदीच्या काठावरून, म्हणजे दोनशेहून अधिक किलोमीटर अंतरावरून, त्याने पर्वताच्या दिशेने वंदन केले. दुरूनच पूजा करण्याची ही प्रथा पुढे इतकी रुळली की कांगशीचा पुत्र योंगझेंग याच्या कारकिर्दीत, 1733 मध्ये, जिलीनजवळच्या एका टेकडीवर त्यासाठी खास मंदिर बांधण्यात आले, आणि 1754 मध्ये योंगझेंगचा पुत्र चिअनलोंग यानेही जिलीनला येऊनच पूजा केली.

या श्रद्धेमागे घराण्याची उत्पत्तिकथा आहे. तीन स्वर्गकन्या एका सरोवरात स्नान करत असताना पक्ष्याने टाकलेले लाल फळ धाकटीने खाल्ले आणि तिला झालेला पुत्र हा ऐशिन ग्योरो या छिंग राजकुळाचा मूळपुरुष ठरला, अशी ती कथा आहे. छिंग सत्तेने मांचूंची ही भूमी दीर्घकाळ हान वसाहतीसाठी बंद ठेवली. त्यात पावित्र्याचा भाग होताच, पण जिनसेंग, सेबल या प्राण्याची कातडी आणि मोती यांच्यावरील दरबारी मक्तेदारीचाही वाटा मोठा होता.

नकाशा यांचे उत्तर:

तुमच्या आईंचा विचार करता उत्तरेची बाजूच योग्य. पश्चिमेकडे बसमधून उतरल्यावर काठापर्यंत 1442 पायऱ्या चढाव्या लागतात. तेथे पैसे देऊन खुर्चीच्या पालखीतून वर जाण्याची सोय असते. सम्राट आला नाही, निदान आपण तरी पालखीतून जावे, असे वाटत असेल तर गोष्ट वेगळी! उत्तरेकडे मात्र छोटी वाहने वळणावळणाच्या रस्त्याने थेट शिखराजवळ नेतात आणि पुढे थोडेच चालावे लागते. शिवाय त्याच बाजूला 68 मीटर उंचीचा धबधबा आणि गरम पाण्याचे झरे आहेत. सरोवराचे पाणी याच धबधब्यातून बाहेर पडून पुढे सोंगहुआ नदीला मिळते, म्हणजे कांगशीने जिच्या काठावरून वंदन केले त्याच नदीला.

शेनयांगहून येण्यासाठी 2025 च्या सप्टेंबरमध्ये द्रुतगती रेल्वे सुरू झाली असून प्रवासाला साधारण दोन तास लागतात. मुक्काम अरदाओबाईहे गावात करावा. उत्तर आणि पश्चिम बाजूंची तिकिटे वेगळी असतात, ती पासपोर्टच्या क्रमांकावर आधीच काढावी लागतात, आणि शिखरावर नेणाऱ्या वाहनाचे तिकीट त्याखेरीज असते. 1 ऑक्टोबरपासून राष्ट्रीय सुट्या सुरू होतात, तेव्हा त्याआधीच परत फिरावे.

खरा प्रश्न हवामानाचा आहे. सरोवराची पातळी सुमारे 2189 मीटर उंचीवर आहे आणि भोवतालची कडा त्याहून शेकडो मीटर उंच. खाली ऊन असताना वर काहीच न दिसण्याचे प्रसंग नेहमीचे आहेत, आणि वारा वाढला की शिखराचा रस्ता बंद होतो. म्हणून एकच दिवस ठरवून जाऊ नये. एक दिवस राखीव ठेवावा. सप्टेंबरच्या अखेरीस बर्फही पडू शकतो, तेव्हा आईंसाठी जाड कोट आणि कानटोपी हवीच.

ओंजळ यांचे उत्तर:

शिलालेख यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु त्यांनी छिंगपाशीच थांबायला नको होते. मांचूंचे पूर्वज असलेल्या जुर्चेन लोकांच्या जिन घराण्याने त्यांच्या पाचशे वर्षे आधी हीच पूजा सुरू केली होती. 1172 मध्ये जिन सम्राटाने या पर्वताला राजाची पदवी दिली आणि 1193 मध्ये ती वाढवून सम्राटाची केली. त्या काळातील पूजास्थानाचे अवशेष अरदाओबाईहेजवळ बाओमा येथे उत्खननात सापडले. तेथे पूजेचे लेख कोरलेल्या जेडच्या पट्ट्यांचे तुकडे मिळाले, म्हणूनच ही जागा नेमकी कशाची होती हे निश्चित झाले. मुक्काम त्याच गावात असल्याने धुक्यामुळे शिखराचा रस्ता बंद राहिला तर राखीव दिवस तेथे घालवता येईल. पायाचे दगड आणि विटा याहून अधिक काही पाहण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.

एक सूचना राहून गेली होती. सरोवराचा पलीकडचा भाग उत्तर कोरियात आहे. 1962 च्या करारानुसार सीमा सरोवरातूनच जाते. तेथे ड्रोन उडवू नये आणि कुंपण ओलांडू नये.

पायवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरेची बाजू निश्चित केली आहे आणि मुक्काम एका दिवसाने वाढवला आहे. परतीच्या वाटेवर जिलीन शहरात थांबून सोंगहुआचा काठही पाहण्याचा विचार आहे. 1733 चे मंदिर ज्या टेकडीवर बांधले होते तेथे आईला जाता येईल का, की बरीच चढण आहे?

शिलालेख:

टेकडी लहानच आहे, परंतु जुनी वास्तू पाहण्याच्या अपेक्षेने जाणार असाल तर आईंना तेवढा त्रास देऊ नका. नदीकाठी सपाट फरसबंदी रस्ता आहे. तेथून आग्नेयेकडे तोंड केले की पर्वत त्याच दिशेला आहे. कांगशीलाही तो तेथून दिसत नव्हताच.