पकड टिकून आहे, मग समुद्र रिकामा होतोय हे कशावरून?

नीलरेघ: जगातली समुद्री पकड, म्हणजे धरलेल्या मासळीचं वजन, १९९० च्या आगेमागेपासून वर्षाला ८ कोटी टनांच्या आसपास रेंगाळते आहे. पण एफएओच्याच (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) हिशेबात अतिमासेमारी झालेल्या मासळीच्या साठ्यांचं प्रमाण १९७४ मध्ये १० टक्के होतं, ते २०२१ मध्ये ३७.७ टक्क्यांवर गेलं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे? आणि ताफा वाढवताना टनांत न दिसणारं नुकसान मोजायचं कुठे?

खोलपाणी: टनांकडे बघणं आधी सोडा. तागडीला पिल्लू आणि अंड्यावरची मादी यातला फरक कळत नाही.

पकडीला श्रमाने भागा. श्रम म्हणजे बोटींची संख्या नव्हे. इंजिनाची ताकद गुणिले जाळं पाण्यात असलेले तास. त्यातही सोनार (ध्वनिलहरींनी मासे शोधणारं यंत्र), जीपीएस, जाळं ओढणारे चांगले विंच यांमुळे तीच बोट दरवर्षी साधारण २-३ टक्के जास्त कार्यक्षम होते. ताशी पकड २० वर्षं सपाट दिसत असेल आणि कार्यक्षमता वर्षाला २ टक्क्यांनी वाढली असेल, तर मासळी प्रत्यक्षात तिसऱ्या हिश्श्याने घटलेली असते. ३ टक्के धरले तर जवळपास निम्म्यावर येते.

थव्याने राहणाऱ्या जातींत तर हेही फसवतं. साठा आटला तरी उरलेले मासे एकत्र येतात, बोटी नेमक्या तिथेच जातात आणि ताशी पकड शेवटपर्यंत भरघोस राहते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं हेच झालं. संशोधन जहाजांची पाहणी घट दाखवत होती, ट्रॉलरांचे (जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटींचे) आकडे ती दाखवत नव्हते. अंदाज बांधताना वजन ट्रॉलरांना मिळालं. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली.

गाळवाला: वरच्यात समुद्रतळाचा हिशेब नाही. साधा ऑटर ट्रॉल, म्हणजे तळावरून ओढायचं जाळं, गाळात सरासरी २.४ सेंमी शिरतो आणि एका फेरीत तळावरचे सुमारे ६ टक्के जीव संपवतो. शिंपल्यांसाठी पाण्याच्या दाबाने गाळ उकरणारा ड्रेज १६ सेंमी जातो, नुकसान ४१ टक्के. तळ सावरायला साधारण २ ते ६ वर्षं लागतात. त्याच पट्ट्यावरून वर्षाला चार फेऱ्या झाल्या तर सावरणं कागदावरच राहतं. प्रवाळ किंवा स्पंजांच्या तळाला ही वर्षं लावू नका. तिथे काळ दशकांत मोजावा लागतो.

नीलरेघ: जाळ्याच्या आसाचा, म्हणजे एकेका भोकाचा, आकार वाढवला तर पिल्लं तरी सुटतील ना?

खोलपाणी: आकारासोबत आकृतीही बघा. शेवटच्या पिशवीत, म्हणजे कॉड एंडमध्ये, शंकरपाळी आस असेल तर माल भरला की ताण येतो, आस लांबट होऊन मिटते आणि कागदावरचे ४० मिमी पाण्यात राहतच नाहीत. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते. पण तपासणी बंदरातच होत असेल तर आत दुसरं बारीक जाळं लावलं जातं, नाहीतर पिशवीला दोरा गुंडाळला जातो. शिवाय सुटलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. खवले निघालेले बरेच नंतर मरतात.

दर्या_१२: पिल्लांचं पुढे काय होतं तेही सांगा की! पूर्वी ती समुद्रातच टाकून देत, आता फिशमीलला, म्हणजे सुक्या मासळीच्या भुकटीला, जातात. एक किलो फिशमीलला चार ते पाच किलो ओली मासळी लागते. ही पिल्लं किनाऱ्यावर उतरलेल्या मालात धरली जात असल्याने पकड ‘टिकलेली’ दिसते. तुमच्या पहिल्या प्रश्नातला एक धागा इथे आहे.

मोठ्या माद्यांचंही बघा. रेड स्नॅपरची ६१ सेंमीची एक मादी ४२ सेंमीच्या दोनशेहून अधिक माद्यांएवढी अंडी देते. जाळी आधी मोठ्यांनाच वेचतात.

खोलपाणी: म्हणून नोंदवहीत लांबीचा रकाना हवाच. दर ओढीतून न निवडता मूठभर नाही, निदान एक टोपली घ्या, जातवार मोजा आणि निम्मे मासे ज्या लांबीला प्रजननक्षम होतात तिच्याखाली किती टक्के आहेत ते लिहा. माल निवडून बर्फात गेल्यावर मोजलं तर बारीक मासे आधीच वेगळे झालेले असतात आणि साठा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.